शेवटच्या पानावरचा शेरा

गोपाळराव इतिहासाचे मास्तर. निवृत्त होऊन सात वर्षे झाली, पण लाल पेन काही सुटले नव्हते. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते शेरा मारत. गोष्टीसारखा रंगवून सांगितलेला इतिहास म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण शापित राजे नि उडत्या राक्षसांचे जाडजूड खंड लेकीच्या हाती दिसले, की ते नाक मुरडत. सनावळ्यांचा कंटाळा असलेल्यांनी असली राज्ये उभारावीत, असे त्यांचे मत, आणि मत पोटात ठेवणे त्यांना जमत नसे.

उन्हाळ्यात लेकीने, नूपुरने, मिहानमधल्या ऑफिसातून येताना चारशे पानांचे एक बाड आणले. मैत्रिणीने लिहिले आहे, खरे मत द्या, म्हणाली. मास्तरांनी तीन दिवसांत त्याचा फडशा पाडला. कूलरसमोर चहा निवून गेला, जेवणाच्या हाका वाया गेल्या. आंधळा सेनापती वासावरून वाट काढत वेढ्यातून निसटला, तेव्हा तर त्यांचे डोळे भरून आले. पण पेन उघडल्याबरोबर मास्तरकी जागी झाली. त्यांनी लिहिले, 'पुरावा शून्य. न घडलेल्या गोष्टींवर चारशे पाने वाया. लेखिकेने आधी इतिहास वाचावा.' डोळे भरल्याचे मात्र लिहिले नाही.

नूपुरने शेरा वाचला, बरं म्हणाली आणि बाड उचलून नेले.

दिवाळीच्या आवराआवरीत ते माळ्यावर सापडले. लेकीने एवढे लिहिले नि माळ्यावर टाकले, असे त्यांची पत्नी इंदुताई हळहळल्या, तेव्हा मास्तरांना कळले. त्यांनी तिथेच बाड उघडले. पाने उलटता उलटता सेनापतीपाशी आले आणि त्यांना आठवले. नूपुर पाच वर्षांची असताना, तापात जेवत नव्हती म्हणून, घासाघासाला हा आंधळा सेनापती त्यांनीच रचला होता. इतिहासाच्या मास्तराने, कसलाही पुरावा नसताना.

संध्याकाळी ती आली.

"काहून नाही सांगितलं वं, तुयं आहे म्हणून?"

"सांगितलं असतं त तुम्ही चांगलंच लिहिलं असतं, बाबा."

दुसरा भाग कुठवर आला, असे त्यांनी भीत भीत विचारले. अर्धा झाला होता, पुसून टाकला, असे ती चपला काढता काढता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना.

"मले रडू आलं होतं, नूपुर. सेनापतीच्या वेळी."

तिने चपला कोपऱ्यात सारल्या.

"मंग तेच लिहायचं होतं न, बाबा."