छगनशेठ लटकले त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी बेल्ट आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. आई झोळीत बाळाला धरते, तसं उंचावरच्या माणसाला धरायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. पण सुरतेत येऊन मी फोटोपुरता उरलो.

छगनशेठकडे रस्त्यावरच्या दिव्यांचं सरकारी काँट्रॅक्ट होतं. मजुरांना सुरक्षेचं प्रशिक्षण दिल्याचे फोटो दरवर्षी पाठवावे लागत. शेठ अकरा मजुरांना रांगेत उभं करायचे. मी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर. फोटो संपले की खिळ्यावर. तेलाचा थेंबही नाही. माझी कडी गंजत चालली.

एकदा त्यांतला हिलाल म्हणाला, "शेठ, आज पांडेसऱ्यात खांबावर चढायचंय. राहू द्या ना अंगावर."

"मळेल रे. पुढच्या साली फोटोत काय बांधशील, बायकोचं लुगडं?"

सगळे हसले. हिलालही हसला. संध्याकाळी तो खांबावरून पडला, कंबर मोडली. मी खिळ्यावर स्वच्छ होतो. ती स्वच्छता मी विसरलो नाही.

यंदा नियम बदलला. मालकांनाही प्रशिक्षण. शिकवायला आलेल्या स्वातीमॅडम म्हणाल्या, "ज्याचं काँट्रॅक्ट, त्याने आधी लटकून दाखवायचं." मला शेठना बांधलं, कडी लोखंडी चौकटीत अडकवली. त्यांचे पाय जमिनीपासून हातभर वर. वाटलं, सोडून द्यावं. पण हातभरावरून पडून काय मोडणार? मी घट्ट धरलं. खाली उतरवायला गेले, तर गंजलेली कडी उघडेचना.

"असे किती बेल्ट आहेत?" मॅडमनी विचारलं.

"एकच, सगळ्यांत मिळून," वाल्मिक म्हणाला. हा हिलालचा धाकटा भाऊ. सोमवारी खांबावर त्यालाच चढायचं होतं.

शेठ गोल फिरत होते. "धुरपदाबाई, ते स्टूल दे इकडे."

धुरपदाबाई म्हणजे हिलालची बायको. ती स्टूलवरून उठली नाही. "पहिले समदासले पट्टा, शेठ. मंग स्टूल."

मॅडम शांतपणे वहीत लिहीत राहिल्या. शेठनी लटकल्या-लटकल्याच फोन लावला. पाव तासात उधन्याच्या दुकानातून अकरा बेल्ट आले. तोवर माझे मांडीचे पट्टे शेठना मनसोक्त रुतले. मग स्टूल मिळालं.

सोमवारी वाल्मिक नवा बेल्ट बांधून चढला. अकरावा माझ्या शेजारी खिळ्यावर आहे, आता चढू न शकणाऱ्या हिलालचा. त्याला पाहिलं की माझा राग ताजा होतो.

मित्रांनो, माणसाला जपणारी वस्तू शोभेला टांगू नका. तिला वापरा, तेल द्या. नाहीतर गंजलेली कडी कुणाची वाट बघतेय, ते तिलाच ठाऊक.