दीपमालाचं ‘नको’

मी एक तक्ता बोलतोय. आजवर माझ्यावरून दुसरंच कुणी बोलत आलं; स्वतःबद्दल सांगायची ही माझी पहिलीच वेळ.

नांदेडच्या एका अपंग सेवा केंद्रात आलिया मॅडमनी बोलता न येणाऱ्यांसाठी मला तयार केलं. जाड पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली: पाण्याचा तांब्या, भाकरी, संडास, आई, दुखणं, राग, हसू. खाली एका कोपऱ्यात हिरवं ‘हो’, दुसऱ्यात लाल ‘नको’. वरून प्लास्टिक चढवलं आणि मला घेऊन त्या उमरीजवळच्या एका खेड्यात आल्या.

तिथं दीपमाला होती. अठरा वर्षांची. जन्मापासून हातपाय आखडलेले, तोंडातून शब्द उमटत नसे. समजायचं मात्र सगळं. मॅडमनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिची मूठ थरथरत, भरकटत ‘दुखणं’वर आली.

“काय दुखून राहिलं माय तुझं?” तिची आई सिंधुबाई घाबरली.

मूठ ‘आई’वर गेली.

“तुमचं दुखतंय म्हणते ती,” मॅडम म्हणाल्या.

सिंधुबाईचा हात आपसूक कमरेवर गेला. लेकीला उचलून उचलून तिची कंबर गेली होती, आणि ते तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आई विचारी आणि दीपमाला ‘हो’, ‘नको’ करत बोलतच सुटली. दूधभाकरी नको, तिखट हवं. आतल्या खोलीत नको, ओसरीवर बसायचं. अठरा वर्षांचं साठलेलं होतं तिचं.

पुढं केंद्राची गाडी बंद झाली आणि मॅडमच्या घरभेटीही थांबल्या. सिंधुबाईला आता खाली वाकवत नव्हतं. लेकीची पाळी आली की दोघींचे फार हाल होत. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, “गर्भाची पिशवी काढून टाका. हिला ती काय कामाची?”

दीपमालाच्या वडलांना, वैजनाथला, ते पटलं. सिंधुबाईनं मात्र मॅडमला फोन लावला. मॅडम पदरमोड करून एसटीनं आल्या. त्यांनी दीपमालाला चित्र काढून सगळं समजावलं, मग विचारलं. मूठ थेट लाल कोपऱ्यावर आदळली. सिंधुबाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा तिथंच.

“पाळीच्या त्रासाला गोळ्या आहेत, ताई. धडधाकट पिशवी कशाला काढायची? नांदेडला दाखवू,” मॅडम म्हणाल्या.

“दर बारीला कोण घिऊन जाणार?” वैजनाथ म्हणाला. “तुमी तर आता येत न्हाई. आमी दोघं दिवसभर रानात. लेकीसंगं काई वंगाळ झालं तर?”

“पिशवी काढल्यानं वंगाळ माणूस घरात यायचा थांबत नाही, दादा. दिवस जाऊन झालेलं कळायचं, तेवढं थांबतं.”

“गाडी पुन्हा कधी सुरू होणार?” वैजनाथनं विचारलं. “ते मलाही कुणी सांगितलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर वैजनाथनं ऑपरेशन ठरवलं आणि सिंधुबाईनंही मोडता घातला नाही. दवाखान्यात मी झोळ्यात होतो. झोळा खाटेच्या दांडीला अडकवलेला. डॉक्टरनं वैजनाथची सही घेतली. दीपमालाकडं कुणी पाहिलं नाही. तिचा हात माझ्याकडं येऊ लागला. थरथरत, पुन्हा पुन्हा.

“झटका आलाय पोरीला, हात धरा,” नर्स म्हणाली.

झटका नव्हता. सिंधुबाईला ते ठाऊक होतं. तिनं झोळ्याकडं एकदा पाहिलं, मग दोन्ही हातांनी लेकीचा हात घट्ट दाबून धरला.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर तिनं मला लेकीच्या मांडीवर ठेवलं. “पाणी दिऊ?” दीपमालानं कोपरानं मला खाली ढकललं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी धान्याच्या कणगीमागं गेलो. माझ्या प्लास्टिकला बुरशी धरली.

माणसांनो, माझ्यासारखा तक्ता कुणीही बनवील. पण एखाद्याला विचारायचं ठरवलंत, तर त्याचं उत्तर न आवडलं तरी त्याचा हात धरू नका. तो आधीच थोडंच बोलू शकतो.

परवा दुपारी सिंधुबाईनं मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि लेकीपुढं धरलं.

“माझ्यावर राग हाय का गं?”

दीपमालानं माझ्याकडं पाहिलं. मग ती मूठ उठली, भरकटत आली आणि ‘हो’वर पडली. तिथंच राहिली.

सिंधुबाईनं मला बाजूला ठेवलं नाही. लेकीची मूठ माझ्यावर होती तोवर ती मला तशीच धरून बसली.