पोहत आलेलं कुत्रं

बायको गेल्यापासून मी या बेटावर एकटाच राहतो. फ्रानेकरच्या विद्यापीठात तीस वर्षं राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा शिकवला. आता ग्रंथ लिहीत बसतो. दिवसचे दिवस कुणी बोलायला येत नाही. म्हणून गावप्रमुख हेस्सेल दाराशी आला तेव्हा, खरं सांगतो, मला भारी आनंद झाला.

"मास्तर, एम्डन बंदराचं जहाज फुटलंय. माणसं सगळी गेली. कप्तान माझ्या ओळखीचा हो! बायको पोटुशी आहे त्याची, होतं नव्हतं ते या लाकडाच्या मालात घातलेलं. बरं झालं, एक कुत्रं तरी पोहत आलं."

आमच्याकडची चाल अशी, की फुटल्या जहाजातून एखादा जीव वाचला, अगदी मांजरसुद्धा, तर माल मालकाच्या घरी जातो. नाहीतर ज्याला सापडेल त्याचा.

चर्चमध्ये गाव जमलं. हेस्सेल कानात म्हणाला, "कुत्रं वाचलंय, माल कप्तानाच्या घरी जाईल, असं मी सांगतो. तुम्ही नुसतं हो म्हणा, म्हणजे कुणी कुरकुरणार नाही."

नुसतं हो? इतक्या वर्षांनी समोर ऐकणारी माणसं बसलेली, आणि मी नुसतं हो म्हणू? मी उभा राहिलो. "कुत्र्याचा आणि मालकीचा संबंध काय? ते बुडालं असतं तर वारसांचा हक्कही बुडाला असता? खुळचट चाल आहे ही! बुद्धी सांगते, माल मालकाचाच." तासभर बोललो. रोमन दाखले दिले. काय रंगलो होतो म्हणून सांगू!

मागून पोप्पे कोळी हसला. "म्हणजे कुत्र्याचं खूळ गेलं म्हणता? झकास! मग बुद्धीनंच बोलू. मालक मेला, माझी पोरं गारठतायत. माझी बुद्धी म्हणते, लाकूड माझं."

"माझीपण तेच म्हणते!" चारपाच जण ओरडले. हेस्सेलनं कपाळाला हात लावला. दिवस मावळायच्या आत किनारा साफ झाला.

महिन्याभरानं कप्तानाची बायको गेशे आली. मी तिला वाटाण्याचं सूप दिलं, घडलं ते सांगितलं, माझा तर्कही समजावला. तर्क बरोबरच होता, आजही आहे.

ती म्हणाली, "कुत्रं जिवंत आहे, एवढंच म्हणाला असतात तर मला माल मिळाला असता?"

"हो."

"मग का नाही म्हणालात हो?"

"तेवढं म्हटलं असतं तर लगेच सगळे घरी गेले असते, बाई," मी म्हणालो.