क्रौंचाच्या आत कोण

हिरामात्सुचा उजवा खुबा कामातून गेला होता, आणि हे त्याच्याखेरीज एकट्या पोशाखवाल्या ओगाताबाईंना ठाऊक होतं. त्यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं म्हणा. पोशाखाची चेन असते पाठीवर, ती आपली आपल्याला लावता येत नाही, आणि ओगाताबाईंनी गेली तीस वर्षं लोकांच्या पाठीच्या चेनी लावण्यात घालवली होती. कुणाचं काय मोडलंय हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं.

"आज तीन पट्ट्या?" त्यांनी विचारलं. औषधी पट्ट्यांच्या झोंबऱ्या वासाने पोशाखांची सगळी गाडी भरून गेली होती. "परवा दोन होत्या."

"थंडी पडलीय."

"ऑक्टोबरात? घाम पुसतोयस आणि थंडीच्या गोष्टी सांगतोस. मुरोइ-सानना सांग सरळ."

"जानेवारी झाला की सांगतो."

"जानेवारीपर्यंत तुला उचलून न्यावं लागेल," बाई म्हणाल्या आणि चेन वर ओढली.

जानेवारीचं कारण असं. दर रविवारी सकाळी जपानभरातली पोरं दात न घासता ज्याच्यासमोर बसतात ती ही मालिका. पाच वीर, पाच पशूंच्या युद्धकला: वाघ, माकड, साप, अस्वल आणि क्रौंच. बोलायची, रडायची, प्रेमात पडायची कामं विशीतली देखणी मुलं-मुली करतात. पण मनगटावरचं कडं फिरवून ती वीर झाली रे झाली, की चेहरा मुखवट्याखाली जातो आणि आत दुसराच माणूस येतो. मार द्यायचा त्याने, खायचा त्याने, दरीत पडायचं त्याने. देखण्या मुलाचा आवाज नंतर भरतात, म्हणून आतला माणूस प्रत्येक शब्दाला मान हलवत राहतो, नाहीतर कोण बोलतंय ते कळत नाही. वर्षभर हे चालतं. जानेवारीत शूटिंग संपलं की पाच नवे वीर येतात.

सव्वीस वर्षांत हिरामात्सु गोगलगायीचा राक्षस झाला होता, तुंबलेल्या मोरीचा राक्षस झाला होता. एका भागात तर हरवलेल्या छत्रीचा राक्षस होऊन स्वतःच्याच दांड्याला अडखळला होता. राक्षसाचं काम एका रविवारचं. स्फोट झाला, धूर झाला, की डबा खायचा आणि घरी जायचं. पण पाच वीरांची गोष्ट वेगळी. त्यांचा शेवटचा शॉट झाला की सहदिग्दर्शक मोठ्याने पुकारतो, अमुक वीर, तमुक-सान, काम पूर्ण. मुखवटा उतरवायचा, फुलांचा गुच्छ घ्यायचा, आणि ऐंशी माणसं टाळ्या वाजवतात. हिरामात्सुला हे हवं होतं. आडपडदा कशाला ठेवा, अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाप्याला फुलं हवी होती. क्रौंच हा त्याचा पहिला वीर होता आणि खुब्याकडे पाहता शेवटचाच.

क्रौंचाची ती प्रसिद्ध उभं राहण्याची तऱ्हासुद्धा खुब्याचीच करणी. तिसऱ्याच भागात लढताना उजवा पाय दगा द्यायला लागला तेव्हा त्याने तो झटकन वर घेतला, पोटाशी दुमडला, डाव्या पायावर तोल धरला आणि वेळ काढायला मान हळूच वळवली. मारामारीचे दिग्दर्शक मुरोइ खुर्चीतून उठले. "हेच," ते म्हणाले. "हाच माझा क्रौंच." उन्हाळ्यापर्यंत बागाबागांतून पोरं एका पायावर उभी राहून माना वळवत होती. पण उजवा पाय वर घ्यायचा तर खुबा लागतो, आणि सप्टेंबरपासून तो निम्म्यावरच अडायचा. डॉक्टरने सांधा बदला म्हणून सांगितलं. हिरामात्सुने फाइल मोज्यांच्या खणात टाकली.

ऑक्टोबरच्या त्या दिवशी दगडखाणीत शूटिंग होतं. सकाळी तालमीत पाय उचलताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने सेनोला गाडीमागे बोलावलं. सेनो सव्वीस वर्षांचा. शत्रूच्या काळ्या सैनिकांतला एक. हे सैनिक डोक्यापासून पायापर्यंत काळे असतात, पहिल्या मिनिटाला धावून येतात आणि दुसऱ्या मिनिटाला मरून पडतात. सेनो फावल्या वेळात क्रौंचाच्या चाली करत बसायचा. आणि चांगल्या करायचा, हा त्यातला वाईट भाग.

"उंची किती तुझी?" हिरामात्सुने विचारलं.

"एकशे चौऱ्याहत्तर."

"माझीही तेवढीच. एक शॉट कर माझ्या जागी. एकच."

सेनोच्या हातातला भाताचा मुटका तसाच राहिला. "हिरा-सान, मुरोइ म्हातारा ओळखेल की. तो पावलावरून माणूस ओळखतो. गेल्या महिन्यात अस्वलाच्या आतला माणूस शिंकणार हे त्याने आधी सांगितलं होतं."

"ओळखलं तर माझ्यावर येईल. पोशाख माझा आहे."

"आणि तुम्ही?"

"तुझ्या काळ्या कपड्यात मरून पडतो. एवढं तरी येतं मला."

मुरोइंना न विचारता दुसऱ्याच्या पोशाखात शिरणं म्हणजे या टोळीत महापाप. एकाला त्यांनी त्यापायी कायमचा घरी बसवला होता. सेनोला हे माहीत होतं, तरी तो हो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या पोराला आपला आदर्श हात जोडतोय म्हटल्यावर तो दुसरं काय म्हणणार? हिरामात्सुलाही हे कळत होतं. कळूनच त्याने विचारलं.

ओगाताबाईंनी दोघांच्या चेनी लावल्या.

सेनो उभा राहिला. पाय दुमडला, मान वळवली, आठ आकडे होईपर्यंत हलला नाही. काळ्या कपड्यात, खडीत तोंड खुपसून पडलेला हिरामात्सु कान देऊन होता. आता मुरोइ ओरडणार, आता मुखवटा काढायला लावणार. कर्ण्यातून मुरोइंचा आवाज आला, "हिरा, आज पाय मोकळा झाला की रे तुझा. झकास."

सुटलो, असं हिरामात्सुला वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं. ज्या माणसाने सव्वीस वर्षं त्याला चालायला शिकवलं त्या माणसाला तो ओळखू आला नव्हता. चोरी पचली म्हणून हिरमुसलेला असा चोर दुसरा झाला नसेल.

एकाचे दोन शॉट झाले, दोनाचे चार. नोव्हेंबर संपेस्तोवर क्रौंचाच्या सगळ्या मारामाऱ्या सेनो करत होता, आणि हिरामात्सुकडे उरलं होतं ते उभं राहून मान हलवत बोलणं. बाकीच्या चौघा वीरांना कळलं असेल तर ते बोलले नाहीत. या धंद्यात दुसऱ्याच्या मुखवट्यात कुणी डोकावत नाही. ओगाताबाई सेनोच्या धडधाकट खुब्याला पट्ट्या चिकटवायच्या, पोशाखाला नेहमीचा वास यावा म्हणून.

"चांगल्या हाडाला औषध लावायची पाळी आली माझ्यावर," त्या म्हणायच्या. "देवळात जाऊन काय सांगू?"

डिसेंबरात एकदा मुरोइंनी नव्या मुलांना पडद्यासमोर बसवलं. क्रौंच तीन काळ्यांना लोळवून एका पायावर उभा होता. "बघा," मुरोइ म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस आहे हा. मार्चात तोल जायचा त्याचा, आता बघा. तुम्ही लेको विशीत जिने चढताना धापा टाकता." आणि शेजारी बसलेल्या हिरामात्सुच्या पाठीवर थाप मारली. सत्तरीच्या मुरोइंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणाचं कौतुक इतक्या सहज करणारे नव्हते. हिरामात्सुने मान खाली घालून चहा घेतला. समोर सेनो जमिनीकडे बघत बसला होता.

शेवटचा दिवस जानेवारीत, त्याच खाणीत आला. पाचही वीर ओळीने उभे राहणार, एकेक आपलं नाव पुकारणार, आपली मुद्रा धरणार, आणि मागे पाच रंगांचा स्फोट होणार. दारू एकदाच पुरलेली. चार वाजता सूर्य डोंगराआड जातो, म्हणजे दुसरी संधी नाही.

"आजचा मी करणार," हिरामात्सुने सकाळीच सांगितलं. तीन आठवडे त्याने पाय जपला होता, पहाटे इंजेक्शन घेऊन आला होता.

"करा ना," सेनो म्हणाला. "तुमचाच आहे तो." तो मनापासून म्हणाला.

साडेतीनला स्फोटाशिवाय तालीम झाली. हिरामात्सु ओळीत पाचवा. वाघ झाला, माकड झालं, साप झाला, अस्वल झालं. त्याने मान हलवत नाव पुकारलं, उजवा पाय उचलला. पाय अर्ध्यावर आला आणि तिथे थांबला. त्याने दात खाऊन आठ मोजले. पडला नाही. त्याच्या मते तर बरंच जमलं होतं.

कर्णा खरखरला. मग, "क्रौंच एकटा. पुन्हा."

त्याने पुन्हा केलं. या वेळी सहालाच पाय खाली आला.

मुरोइ खुर्चीतून उठले. "आत कोण आहे?"

वाऱ्याने खडीवरची धूळ सरकत होती.

"मी विचारतोय आत कोण आहे. हिरा कुठाय? हा हिरा नव्हे."

हिरामात्सुचे हात आपसूक मुखवट्याच्या खटक्यांकडे गेले. दोन खटके, कानामागे. काढला की झालं. काढला की मुरोइंना ऐंशी माणसांदेखत कळणार होतं की तीन महिने आपण कुणावर माया केली. पावलावरून माणूस ओळखणारे मुरोइ, त्यांच्याकडे या वयात ती नजरच काय ती उरली होती. काढला की सेनो उद्यापासून घरी. आणि काढला तरी मुरोइ चुकले नव्हते, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. हा क्रौंच नव्हता. वर्षाचा क्रौंच त्या तिकडे काळ्या कपड्यात पडला होता.

त्याने हात खाली घेतले आणि चूक झालेला नवशिका वाकतो तसा कंबरेतून वाकला.

"हिरा तालमीला पोरं उभी करतो होय," मुरोइ पुटपुटले, पण आवाज निवळला होता. "दमला असेल. जा, ऊन जातंय, हिराला पाठव."

हिरामात्सु गाडीकडे निघाला. पाठीमागून कर्णा पुन्हा वाजला. "आणि बाळा, लंगडू नकोस असा. क्रौंच लंगडत नाही."

ऐंशी जणांतले काही हसले. वाईट मनाने नाही, दिवस शेवटचा होता म्हणून.

गाडीत ओगाताबाईंनी चेन खाली ओढली. "मी जाऊन सांगते त्याला. आत्ताच सांगते."

"नको."

"का नको? वर्षभर कोण मेलं त्या पोशाखात?"

"सांगून खुबा परत येणार आहे का, ओगाता-सान?"

सेनो मागोमाग आत आला होता. काळा मुखवटा त्याने हातात धरला होता, नाक लाल झालं होतं. "मी नाही जाणार. खरंच नाही जाणार, हिरा-सान. ती फुलं माझी नाहीत."

"जा," हिरामात्सु म्हणाला. "दारू पुरून ठेवलीय. चार वाजताहेत."

"मग तुम्ही तरी सांगा काय करू."

"शेवटी मान सावकाश वळव."

"ते येतं मला," सेनो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला रडू फुटलं. हिरामात्सुने त्याच्या डोक्यावर पांढरा मुखवटा चढवला आणि दोन्ही खटके नीट लावून दिले.

मग तो सेनोचे काळे कपडे घालून खडीत जाऊन पडला. जागा वीरांपासून पंधरा पावलांवर होती, ढिगाऱ्याच्या आडोशाला. पाच नावं पुकारली गेली. क्रौंचाचा पाय पोटाशी गेला, तिथेच राहिला, मान सावकाश वळली. मागे पाच रंगांचा स्फोट उसळला आणि त्याची धग हिरामात्सुच्या पाठीला लागली. मुरोइंनी टोपी काढली.

"क्रौंच. हिरामात्सु-सान. काम पूर्ण."

टाळ्या सुरू झाल्या. बाकी चौघांनी मुखवटे उतरवले होते, त्यांच्या केसांतून वाफा निघत होत्या. क्रौंच मुखवट्यातच उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "काढा की, हिरा-सान," पण मुरोइंनी हात वर केला. गुच्छ घेऊन ते स्वतः खडीवरून अडखळत गेले. "राहू द्या. आत रडतोय तो." त्यांनी तो पांढरा मुखवटा दोन्ही हातांत धरला, बापाने पोराचं तोंड धरावं तसा. "सव्वीस वर्षं तुला मी राक्षसांत कुजवलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं चुकलं. माफ कर मला, हिरा."

क्रौंचाने मान हलवली. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या काळ्या सैनिकाने हिरामात्सुला कोपराने ढोसलं. "ए सेनो, ऊठ. खरंच मेलास काय? टाळ्या वाजव."

हिरामात्सुने उठायचा प्रयत्न केला, पण पाय साथ देईना. शेजाऱ्याने हात दिला तेव्हा तो उभा राहिला आणि आपल्या नावाला टाळ्या वाजवू लागला. जाड काळ्या हातमोज्यांमुळे त्यांचा आवाज फारसा होत नव्हता.