खडूस बाईचा नंबर माझ्याकडेच होता

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही! मी या घरातली फोन नंबरांची वही बोलतेय. "जुनाट झालीय, सगळे नंबर मेलेत," म्हणून मला मिक्सरखाली सारलेलं. अहो, माणसं धडधाकट असताना नंबर कसे मरतील?

लेक बालवाडीत होती तेव्हा आईनं मला आणलं. या घरात नावानं कुणाला लिहीतच नाहीत. नळवाला म्हणजे 'उद्या येतो'. डॉक्टर म्हणजे 'सुई'. पूर्वी सगळे सुट्टीत भाड्यानं राहिले त्या समुद्राकाठच्या बंगल्याची मालकीण 'खडूस', कारण ओल्या पायांनी आत आले म्हणून तिनं सगळ्यांना झापलं होतं.

यंदा उन्हाळ्यात आईला तिथंच जायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने बिचारी घरात. "एकदा वाळूत चालून बघायचंय," एवढंच म्हणायची. शिवणकामातून साठवलेले पैसे तिनं जावयांच्या हाती दिले.

जावयांना मोबाइलवरच्या एका जाहिरातीत तोच बंगला सापडला, निम्म्या भाड्यात! "अजून तिघं थांबलेत, दहा मिनिटांत सगळे पैसे पाठवा," जाहिरातवाला फोनवर म्हणाला. जावई लगेच बोटं चालवायला लागले. मी मिक्सरखालून ओरडतेय, घाई लावणारा माणूस सरळ नसतो! ऐकतंय कोण?

"थांबा जरा," आई म्हणाली. "मालकिणीशी बोललात का?"

"कशाला, आई? फोटो आहेत की!"

"फोटोत राहायचंय का आपल्याला?"

तिनं मला ओढून काढलं, पीठ झटकलं, 'खडूस' शोधून फोन लावला.

"कोण बोलतंय? मोठ्यानं बोला!" पलीकडून आवाज कडाडला.

आईचा चेहरा फुलला. "तीच आहे गं बाई!"

मग आईनं मोबाइलवरच्या जाहिरातीचं विचारलं. "कसली जाहिरात?" मालकीण भडकली. " मी नाही दिली. माझे फोटो चोरलेत मेल्यांनी! तुम्ही खुशाल या. पैसे इथं पोचल्यावर द्या. पाय पुसून या."

आम्ही गेलो. हो, मीसुद्धा, आईच्या पर्समधून! आई आधी लेकीचा हात धरून चालली. मग हात सोडला. मग लाटेनं पाय भिजवले तशी पोरीसारखी किंचाळली. माझी दोन पानं भिजली, पण तक्रार नाही.

तुम्हीही निघाला असाल, तर पैसे पाठवायच्या आधी खऱ्या माणसाशी बोला. लाज कसली त्यात?

पैसे वाचले, पण फसायची वेळ आली ती चूक कुणाची, यावर घरात अजून भांडण चालू आहे. लेक म्हणते मोबाइलची, जावई म्हणतात नेटवर्कची. काल आईनं जेवता जेवता निकाल दिला.

"चोर फसवणारच. पण दहा मिनिटं म्हटल्यावर अक्कल गहाण कुणी टाकली? तुम्ही, जावईबापू!"