बारा मिलिमीटर

सोमवार, ४ ऑगस्ट २००३. सकाळी सव्वानऊ वाजता बनाबाईंनी नव्या कुबड्या काखेत धरल्या, चार पावलं टाकली आणि त्या थांबल्या.

"अण्णा, कुबड्या केल्यासा का मला टांगायला खुंट्या केल्यासा?"

भरमाप्पा हसला नाही. कुबड्या त्यानेच केल्या होत्या. मंगळवार पेठेतल्या या अपंग साहाय्य केंद्रात तो अडीच महिन्यांपूर्वी सुतार म्हणून लागला होता. आजवर त्याच्याकडे दुरुस्तीच आली. जुना तुकडा समोर ठेवायचा, त्याच्यासारखा नवा कापायचा. नव्या कुबड्यांचं हे पहिलंच काम होतं. बारा जोड्या तयार होऊन भिंतीला उभ्या होत्या. त्याला कायम करायचं की नाही, हे शुक्रवारी विश्वस्तांच्या बैठकीत ठरणार होतं.

"काखेत रुततंय," बनाबाई म्हणाल्या. "परवा ताईंनी टेपनं माप घेतलं की. दोन दिसांत मी आखूड झाले व्हय?"

भरमाप्पाने खिळ्यावरची आपली दोन फुटी पोलादी पट्टी काढली. कुबडीला दोनदा लावली. "बाराशे. बरोब्बर."

केंद्र चालवणाऱ्या ऋताताई आतून टेप घेऊन आल्या. त्यांनी वाकून माप घेतलं. "बाराशे बारा."

"तुमचा टेप ताणलाय, ताई."

"शनिवारी आणलाय, भरमाप्पा. अजून पावतीसुद्धा टाकून दिलेली नाही."

त्याने हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत बावीस वर्षं तो पॅटर्नमेकर होता. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, तो पॅटर्न. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक या हिशेबाने मोठा ठेवायचा. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांबवलेली असते. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. बावीस वर्षांत त्याने दुसऱ्या पट्टीला हात लावला नव्हता. मापं ऋताताईंनी टेपने घेऊन लिहून दिली होती, पण बारा जोड्यांतली प्रत्येक कुबडी त्याने आकसणाऱ्या लोखंडाच्या मापाने कापली होती.

"पट्टी फौंड्रीतली हाय, ताई. शंभराला एक वाढीव," तो म्हणाला. त्याने खडू घेतला, बनाबाईंच्या एका कुबडीवर 'भरमाप्पा' असं ठळक लिहिलं आणि ती नेऊन दारालगतच्या खिळ्याला अडकवली.

"हे काय?" ऋताताईंनी विचारलं.

"आमच्या फौंड्रीत तशी रीत हाय. माल बिघडला की नाव घालून गेटला लावायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघाय पायजे."

फौंड्रीतली हकीकत ऋताताईंनी उडत उडत ऐकली होती; हा माणूस बावीस वर्षांची नोकरी सोडून का आला, ते त्यांना आता कळलं. तीन महिन्यांपूर्वी पंपाचा एक पॅटर्न असाच गेटला नऊ दिवस टांगला होता. ड्रॉइंगवरचा आकडा मालकाने चुकीचा घातला होता, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. नाव मात्र भरमाप्पाचं लागलं. बायको गंगव्वा डबा द्यायला आली तेव्हा तिने ते वाचलं. रात्री जेवताना एवढंच विचारलं, "उद्याबी ऱ्हाणार हाय व्हय ते?" दहाव्या दिवशी त्याने राजीनाम्याची चिठ्ठी दिली.

"तिथं अडकवलीत तर बनामावशी चालणार कशानं?" ऋताताई म्हणाल्या. "काढा ती. चूक सापडली, कारण सापडलं. आता उपाय सांगा."

"बुडातनं कापायचं, रबर परत बसवायचं. सगळ्या जोड्या दुपारपर्यंत हुतील."

"मग करा."

"बैठकीत…"

"बैठकीत मी सांगणार. लपवणार नाही. कारण तुम्हीच शोधलंत, तेही सांगणार."

"आणि मीबी सांगते," बनाबाई म्हणाल्या, "माणूस बरा हाय, पट्टी वंगाळ हाय."

आता मात्र भरमाप्पा हसला. आपल्या टेबलाशी गेला. ते त्याच्या कोपराच्या उंचीचं होतं. पहिल्याच दिवशी ऋताताईंनी त्याला ताठ उभं करून माप घेतलं होतं. फौंड्रीत बावीस वर्षं तो दुसऱ्याच्या उंचीच्या टेबलावर वाकला होता.

साडेअकराला बनाबाई कापून नीट केलेल्या कुबड्यांवर बसस्टॉपकडे निघाल्या. "गडमुडशिंगीत उतरून घरापत्तुर चालते, मग सांगते," त्या म्हणाल्या.

चार वाजता फौंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर बाळासो आला. "काय पावणं! सावलीतली नोकरी मानवली की."

"पाणी पी. काम काय काढलंस?"

"मालकानं धाडलंय. परत ये म्हणत्यात. पगार वाढवून द्याय तयार हायत." बाळासोने तांब्या खाली ठेवला. "तुझ्या जागी आलाय त्यो गुंडू, फर्निचरातला. साध्या पट्टीनं पॅटर्न केला की त्यानं! तीन कास्टिंगं बारकी आली."

"कुणी सांगितलं न्हाय त्याला?"

"कोण सांगणार? सांगणारा तू हुतास."

"नाव लागलं?"

"शनिवारधरनं हाय गेटला."

भरमाप्पाने पट्टी फडक्याने पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाळासोच्या हातात दिली.

"ही गुंडूला दे. शंभराला एक, एवढंच सांग, त्याला कळंल. आणि मालकास्नी सांग, आधी त्याचं नाव उतरवा."

"आणि तुझं काय सांगू?"

"पट्टी दिली म्हणून सांग."

"अजून हितं कायम न्हाईस तू, भरमा."

"न्हाय," भरमाप्पा म्हणाला आणि बाराव्या जोडीच्या बुडाला रबर ठोकू लागला.

मंगळवारी सकाळी त्याने तेराव्या जोडीसाठी नवा टेप उलगडला. दहा वाजता केंद्रात बाळासोचा फोन आला. पट्टी पोचली होती. गुंडूने तिच्या मापाने नवा पॅटर्न आखायला घेतला होता. गेटवरचं नाव अजून उतरलेलं नव्हतं.