कंपाउंडरचं अक्षर

यंत्र आलं त्याच महिन्यात तिचा नवरा गेला. त्यामुळे टपाल छाननीच्या त्या मोठ्या हॉलमध्ये बाकीच्यांना जेवढा धक्का बसला, तेवढा तिला बसला नाही. बसायला आत जागाच उरली नव्हती.

हॉलमध्ये तिला सगळे अक्षरमावशी म्हणत. सव्वीस वर्षं ती लाकडी कप्प्यांसमोर उभी राहून पत्रं लावत आली होती. एखाद्याचं अक्षर कुणालाच लागलं नाही, की ते पाकीट या हातातून त्या हातात फिरत शेवटी तिच्याकडे यायचं. ती ते जरा तिरपं धरायची, ओठ हलवायची आणि गावाचं नाव सांगून मोकळी व्हायची. "मावशी, तुम्ही कपाळावर लिहिलेलंसुद्धा वाचाल," असं लोक म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "त्याच्यावर पिनकोड असेल तर वाचीन."

हे कसब तिला घरबसल्या मिळालं होतं. नवरा औषधांच्या दुकानात कंपाउंडर. जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता त्याचं स्वतःचं अक्षरही तसंच झालं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. किराण्याच्या यादीतलं 'साबण' तिला पहिल्या वर्षी 'सात मण' वाटलं होतं. नंतर मात्र त्याचं अक्षर तिला छापील पुस्तकासारखं दिसायला लागलं.

तर, तो गेला. तेराव्या दिवसानंतर ती कामावर आली, तर कप्प्यांची अर्धी रांग उखडलेली, आणि त्या जागी दोन बसगाड्या एकामागे एक लावाव्यात एवढं लांब यंत्र. पट्ट्यावरून पाकिटं एवढ्या वेगानं धावत होती, की एकेक वेगळं दिसतच नव्हतं. वर कॅमेरे. कॅमेऱ्यानं पत्ता वाचला, की पाकिटावर बारीक रेघांचा ठसा उमटायचा आणि ते आपल्या खणात जाऊन पडायचं. जुन्या माणसांतली बरीचशी दुसऱ्या कचेऱ्यांत पाठवली होती. चौघांना ठेवलं होतं, त्यात ती.

चौघांना एक थंडगार खोली आणि चार पडदे मिळाले. यंत्र बसवायला आलेली इंजिनियर मुलगी समजावून सांगायला उभी राहिली. "यंत्राला जो पत्ता वाचता येणार नाही, त्याचा फोटो तुमच्या पडद्यावर येईल. चार सेकंदांत तुम्ही पिनकोड टाकायचा. तुम्ही जसं टाकत जाल, तसं यंत्र शिकत जाईल."

"आणि शिकून झालं की?" शेजारच्या खुर्चीवरच्या दाढीवाल्यानं विचारलं.

मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, "मग तुमच्याकडे कमी फोटो येतील."

"म्हणजे बसलोय त्याच फांदीवर कुऱ्हाड चालवायची. आणि तीही नीट धार लावून."

सगळे हसले. मावशीही हसली, पण सगळे हसताहेत हे बघून. हल्ली तिचं असंच चाललं होतं. लोक जेवायला बसले की ती बसायची, उठले की उठायची. लेक रोज संध्याकाळी फोन करायची. "आई, रडलीस का गं?" असं ती विचारायची, जसं ताप उतरला का विचारावं तसं. "नाही," मावशी म्हणायची. खोटं कशाला बोला?

एक गोष्ट मात्र तिनं लेकीला सांगितली नव्हती.

कंपाउंडर वीस वर्षं एका माणसाशी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत होता. कुठल्याशा मासिकातल्या जाहिरातीवरून ओळख झालेली. भेट कधीच नाही. घरात त्या माणसाला 'पलीकडचे' म्हणत. कार्डावर एक चाल असायची आणि खाली एखादी ओळ, हवापाण्याची. कपाटावर पट मांडलेला असायचा, आणि आलेलं कार्ड वाचून पलीकडच्यांचं मोहरं सरकवायचं काम मावशीचं, कारण कार्ड यायच्या वेळी तो दाढी करत असायचा.

तो गेल्यावर नवव्या दिवशी कार्ड आलं. उंट दोन घरं मागे. खाली लिहिलेलं, 'इकडे बरे आहे.' मावशीनं सवयीनं उंट मागे घेतला आणि पटासमोर उभी राहिली. आता आपली चाल. कळवायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण कळवायचं म्हणजे ते वाक्य लिहायचं. त्यापेक्षा एक प्यादं एक घर पुढे सरकवणं सोपं होतं. तिनं ते सरकवलं. मग कोरं कार्ड घेतलं आणि त्याच्या अक्षरात, त्याच्यासारखंच डावीकडे झुकवून, चाल लिहिली. खाली, 'ठीक चालले आहे.' सव्वीस वर्षं लोकांची अक्षरं वाचलेल्या बाईला एक अक्षर गिरवणं काही अवघड नव्हतं.

पलीकडून उत्तर आलं. तिनं पुन्हा प्यादं सरकवलं. मग घोडा, कारण प्याद्यांचा कंटाळा आला.

तिसरं कार्ड टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पडद्यासमोर बसली होती. फोटो येत होते, बोटं चालत होती. एक आला, तिनं आकडे दाबले, तो गेला. पुढचा आला. त्या पुढच्याच्या आकड्यावर बोट असताना तिच्या लक्षात आलं, की मघाचं अक्षर आपल्या नवऱ्याचं होतं. पाठोपाठ दुसरं लक्षात आलं. ते आपणच लिहिलं होतं.

तिनं हात मांडीवर ठेवले. चार सेकंद झाले, पडदा लाल झाला. दाढीवाला म्हणाला, "मावशी, लागत नाही की काय? कमाल झाली!"

"लागलं," ती म्हणाली, आणि पुढचं घेतलं.

दिवसभर ती वाट बघत राहिली, आत काहीतरी हलेल म्हणून. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, मग डॉक्टर विचारतो दुखतंय का, आणि आपण जिभेनं चाचपून बघतो. तसं ती दिवसभर चाचपत होती.

त्यानंतर कार्ड टाकलं, की ती पडद्यावर त्याची वाट बघायला लागली. चौथं आलं नाही. चार पडद्यांत आपल्याचकडे येईल असं थोडंच आहे? पाचव्या वेळी तिनं बाकी तिघांना सांगून ठेवलं, की असं असं डावीकडे झुकलेलं अक्षर दिसलं तर हाक मारा. कुणी मारली नाही. मग ती इंजिनियर मुलीकडे गेली. मुलीनं संगणकावर पत्ता शोधला.

"हे बघा, पुढे गेलं, मावशी. यंत्रानं स्वतःच वाचलं." ती खुशीत होती. "आता त्याला हे अक्षर येतं. अठ्ठ्याण्णव टक्के खात्रीनं."

"मला एक वर्ष लागलं होतं," मावशी म्हणाली. मुलीला ते कळलं नाही, आणि मावशीनं समजावून सांगितलं नाही.

खोलीतले फोटो कमी होत गेले. आधी पाळीला चार हजार, मग हजार, मग दीडशे. चारातल्या दोन खुर्च्या गेल्या. दाढीवाला दुसऱ्या कचेरीत गेला. जाताना त्यानं यंत्राला लांबूनच हात जोडले आणि म्हणाला, "पोरगं शिकवलं, आणि त्यानंच घराबाहेर काढलं." मावशीनं त्याच्यासाठी वर्गणी गोळा करून पेन आणलं होतं.

सात चाली झाल्या आणि पलीकडचं कार्ड यायचं थांबलं. एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात तिनं इंजिनियर मुलीला या वेळी आपल्या घरचा पत्ता दिला.

मुलीनं तो शोधला. मग हळू आवाजात म्हणाली, "एक कार्ड आलं होतं. परत पाठवलं गेलं."

"का?"

मुलीनं पडदाच तिच्याकडे वळवला. कार्डाचा फोटो होता. पलीकडच्यांचं गोल, शाळकरी अक्षर आणि त्यावर तिरपी पिवळी चिठ्ठी: 'व्यक्ती हयात नाही. प्रेषकाकडे परत.'

"यंत्रानं?"

"यंत्राला मयतांच्या यादीत नाव सापडलं. यादीत कुणीतरी नोंद केली. घरच्यांपैकी."

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मावशीनं विचारलं. लेक म्हणाली, "बाबांच्या नावाची पत्रं येतात, तुला त्रास होत असेल म्हणून केलं गं. चष्म्याच्या दुकानाचं आलं होतं ना, तपासणीला या म्हणून. तू ते फ्रिजवर लावून ठेवलं होतंस. बघवेना मला. आई, चुकलं का माझं?"

"नाही," मावशी म्हणाली. "नोंद बरोबरच आहे."

आठ दिवसांनी एक पाकीट आलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'घरच्या मंडळींस'. आत चार ओळी. 'कार्ड परत आले. चिठ्ठीवर तारीख नाही. ते केव्हा गेले? आणि त्यांनी शेवटची चाल कोणती केली, एवढे कृपया कळवावे.'

मावशीनं आपल्या अक्षरात उत्तर लिहिलं. तारीख लिहिली. 'त्यानंतरच्या सात चाली माझ्या. मला खेळता येत नाही. राग नसावा.'

पलीकडचे स्वतःच आले, रविवारी सकाळी. बस डेपोत वेळा नोंदवायचं काम करून निवृत्त झालेला बुटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. बूट काढून ते सरळ पटापाशी गेले आणि मागे हात बांधून उभे राहिले.

"तुम्हाला कळलं नाही का?" मावशीनं विचारलं. "मी काहीही सरकवत होते."

त्यांनी मान खाली घातली. "खरं सांगू वहिनी? मला वाटलं, मी सुधारलो. वीस वर्षांत पहिल्यांदाच जिंकत होतो. शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा."

मावशीला हसू आलं. या वेळी आधी कुणी हसलं नव्हतं.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवी उघडली. आत कार्डांचे गठ्ठे, वर्षावर्षाचे, दोऱ्यानं बांधलेले. "एक विनंती होती. चाली मला लागायच्या, घरं ठरलेली असतात ना. पण खालची ओळ... वीस वर्षांत मला त्यांची एक ओळ धड वाचता आली नाही. लाजेनं विचारलंही नाही. ते काय लिहायचे देव जाणे, मी आपला 'इकडे बरे आहे' लिहीत राहिलो."

मावशीनं पहिला गठ्ठा सोडला. कार्ड जरा तिरपं धरलं आणि वाचलं, "'नवीन पंखा घेतला. आवाज करतो.'"

"अस्सं!" पलीकडचे म्हणाले.

"'लेक पास झाली. मी दुकानात सगळ्यांना सांगितले, घरी मात्र गंभीर राहिलो.' 'दाढ काढली.' 'आज एकाला चुकीची बाटली देणार होतो, थोडक्यात वाचलो. कुणाला सांगितलेले नाही, तुम्हाला सांगतो.'"

ती वाचत गेली, कामावर वाचायची तशी, एकसुरी, न अडखळता. पलीकडचे गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "ह्याला मी काय उत्तर दिलं असेल? 'इकडे बरे आहे.'" आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

सातव्या-आठव्या गठ्ठ्यात एक कार्ड होतं. तिनं ते धरलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"नाही लागत?" त्यांनी विचारलं.

"लागतंय." ती थांबली. "'हिचे पाय फार सुजतात, दिवसभर उभी असते. बोलत नाही. तिला बसून करायचे काम मिळाले तर बरे होईल.'"

मग मावशीनं न विचारताच सांगायला सुरुवात केली. तो कसा गेला ते. सकाळी मोजे घालायला खाली वाकला आणि वर आलाच नाही. तिला वाटलं मोजा शोधतोय. ती म्हणाली, "पलंगाखाली बघा." दोनदा म्हणाली. हे तिनं लेकीला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. सांगताना आवाज सरळच होता. सांगून झाल्यावर तिनं पुढचं कार्ड घेतलं.

शेवटचा गठ्ठा संपेपर्यंत दुपार कलली. पलीकडच्यांनी सगळी कार्डं होती तशी बांधली आणि पिशवीत भरली. क्षणभर त्यांनी पिशवी पुढे केली. "तुम्हाला ठेवायची असतील तर..."

"नाही," मावशी म्हणाली. "पत्र ज्याला पाठवलं त्याचं."

त्यांनी मान डोलावली. त्यांना बसची वेळ तोंडपाठ होती, तरी ती थांब्यापर्यंत सोडायला गेली. बस सहा मिनिटं उशिरा आली आणि त्यांनी ते घड्याळात बघून सांगितलं.

पुढच्या महिन्यात ती खोली बंद झाली. मावशीला खिडकीवर बसवलं, पार्सलं घ्यायला. आपण दिवसभर बसूनच असतो, हे तिच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. त्या संध्याकाळी फोन आला, तेव्हा लेकीनं नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तू पास झालीस ना, त्या दिवशी बाबांनी दुकानात काय केलं होतं, ठाऊक आहे तुला?"

"काय?" लेक म्हणाली.

"रविवारी ये. सांगते."